मोबाइलची राखण : मुलांच्या फोनसाठी सॉफ्टवेअर निवडताना



हंगाम चालू असताना आम्ही गटागटांतून हिंडतो तेव्हा प्रश्न ठरलेले असतात. तोड कधी येणार, नोंदीचा क्रम मागे का पडला, उचल किती बसेल, टोळीचा मुकादम वरखुशी मागतो त्याचे काय करायचे. मागच्या खेपेस येडगावात बैठक आटोपून चहा चालला असताना एका सभासदाने वेगळाच प्रश्न टाकला. "साहेब, उसाचं राहू द्या. पोरांच्या मोबाइलवर नजर ठेवायचं सॉफ्टवेअर असतं म्हणे. त्यातलं चांगलं कोणतं, तेवढं सांगा." त्यावर जी मंडळी पायांत चपला घालून निघाली होती ती परत येऊन बसली. दुसरे एकजण म्हणाले, "खोडदला एवढ्या मोठ्या दुर्बिणी मांडल्यात, आकाशातलं ऐकू येतं म्हणतात. घरातल्या पोराच्या डोक्यात काय चाललंय ते ऐकायचं यंत्र निघालं तर पहिलं आमच्याकडं द्या." हशा पिकला. पण हशा ओसरल्यावरही कोणी उठले नाही.

आमच्यापाशी उत्तर नव्हते. तसे आम्ही कबूल केले आणि पुढच्या बैठकीपर्यंत मुदत मागून घेतली. मधल्या काळात दुकानदारांना विचारले, दोन शिक्षकांशी बोललो, आमच्या स्वतःच्या घरच्या फोनवर तीन-चार गोष्टी बसवून पाहिल्या आणि घरच्यांची बोलणी खाऊन त्यांतल्या काही काढूनही टाकल्या. जे हाती आले ते येथे देत आहोत.

फोन काढून घेणे हे उत्तर नव्हे

पहिली सूचना नेहमी हीच येते, आणि ती करणारा बहुधा घरात लहान मूल नसलेला असतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासच मोबाइलवर आला, तेव्हा आपणच उसाच्या बिलातून फोन आणून मुलांच्या हाती दिले. शाळा उघडल्या, फोन परत आला नाही. आज वर्गाच्या सूचना फोनवर येतात, गृहपाठ फोनवर येतो, एसटी चुकली तर निरोपही फोनवरच येतो.

आपल्या भागाचे आणखी एक कारण आहे. येडगावचे धरण झाले, कुकडीचे पाणी कालव्यांनी फिरले, त्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि त्या उसात बिबट्या राहायला आला. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालवावे लागते, यावरून प्रश्न केवढा आहे ते कळावे. आपली वस्ती गावठाणात कमी आणि शेतात जास्त. पोरगी नारायणगावच्या क्लासहून सुटते तेव्हा हिवाळ्यात अंधार पडलेला असतो, आणि मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंतची वाट दोन्हीकडच्या उसातून जाते. अशा वाटेवरच्या मुलाच्या हातातून फोन काढून घ्या, असे आम्ही तरी सांगणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव करून १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलची बंदी केली. त्यांच्या हेतूविषयी आदरच आहे. पण तो ठराव उचलून येडगावाला लावता येणार नाही.

फक्त वाटेवरचीच काळजी असेल तर मात्र साधा बटणांचा फोन पुरतो. त्याची बॅटरी चार दिवस जाते, आणि त्यावर लक्ष ठेवायला कसल्याही सॉफ्टवेअरची गरज पडत नाही. पाचवी-सातवीच्या मुलासाठी आम्ही आधी हेच सुचवू.

एका सभासदाचा अनुभव

बैठकीत ज्यांनी प्रश्न विचारला, ते नंतर आम्हाला एका बाजूला घेऊन गेले. त्यांनी एक सॉफ्टवेअर आधीच घेतले होते. त्यांची परवानगी घेऊन, नाव गाव-वस्ती न सांगता, त्यांची हकीकत देतो.

त्यांची मुलगी दहावीला. ओळखीच्या एका माणसाने सांगितले की असे एक सॉफ्टवेअर आहे, ते मुलाच्या फोनमध्ये गुपचूप बसते, पडद्यावर दिसत नाही, आणि सगळे संदेश, फोटो, कॉल, ठावठिकाणा बापाच्या फोनवर येतो. वर्षाचे साडेचार हजार. मुलगी अंघोळीला गेलेली असताना त्या माणसाने ते पंधरा मिनिटांत बसवून दिले.

"पहिले आठ दिवस बरं वाटलं," ते म्हणाले. "रात्री मोटरीवर जायचं, लाइटीची वाट बघत बसायचं, तेव्हा वाचायचो. तिचं वावगं काहीच नव्हतं. पण वाचायची सवय लागली."

मग एके रात्री मुलीच्या मैत्रिणीचा एक लांब संदेश त्यांच्या वाचनात आला. मैत्रिणीच्या घरचे भांडण, वडिलांचे पिणे, असे काहीतरी तिने मन मोकळे करून लिहिले होते. यांनी ते सहज बोलता बोलता पत्नीला सांगितले. पत्नीने कळवळ्याने आपल्या जावेला सांगितले. चार दिवसांत ते त्या मैत्रिणीच्या घरी पोचले. मैत्रिणीने यांच्या मुलीशी बोलणे सोडले.

मुलीने घरात एक अक्षर काढले नाही. पण फोन विनाकारण तापतो, सकाळी भरलेली बॅटरी दुपारी उतरते, हे तिला दिसत होतेच. तिने काय ओळखायचे ते ओळखले. भांडण केले नाही, फोन फोडला नाही. क्लासला जाताना फोन चार्जिंगला लावून घरीच ठेवू लागली, एवढेच.

डिसेंबरातली गोष्ट. कालव्याकडेच्या एका फडात त्या दिवशी तोड लागली होती. फड मोकळा झाला की त्यातला बिबट्या शेजारच्या उसात सरकतो, हे आपल्याला सांगायला नको. संध्याकाळी वस्तीच्या ग्रुपवर निरोप आला : वाटेवर जनावर दिसले, पोरांना एकटे सोडू नका. या गृहस्थांनी शेतातूनच आपला फोन उघडला. मुलगी कुठे? पडद्यावर ठिपका घरावर. ते निश्चिंत मनाने दारे मोडायला वळले. अर्ध्या तासाने पत्नीचा फोन आला. पोरगी अजून आली नाही म्हणून.

"साहेब, फोन घरी होता आन् पोर बाहेर होती."

पुढचा पाऊण तास कसा गेला ते त्यांनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. मुलगी सुखरूप होती. वाटेतल्या एका वस्तीवरच्या बाईने तिला हाताला धरून घरात बसवून ठेवले होते, आणि मुलीकडे फोन नसल्यामुळे कोणाचा नंबर लावायचा तेच त्या बाईला समजत नव्हते. मुलीला आईचा नंबर पाठ नव्हता. (हा धडा आम्ही आमच्या घरी त्याच रात्री घेतला. सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, आधी आई-बापाचे नंबर मुलांकडून पाठ करून घ्या.)

ज्या कामासाठी फोन दिला होता, नेमके तेच काम त्या साडेचार हजारांनी बंद पाडले.

लपून बसणारे सॉफ्टवेअर आणि उसाचे बिल

येथे काही सभासद म्हणतील, त्या मुलीला कळले म्हणून बिघडले, कळले नसते तर चालले असते. म्हणून या मालाची दुसरी बाजूही पाहू.

अँड्रॉइड फोनमध्ये गुगलचे प्ले स्टोअर हे अधिकृत दुकान, आणि 'प्ले प्रोटेक्ट' हा त्याचा पहारेकरी. लपून हेरगिरी करणारी सॉफ्टवेअरे बहुधा या दुकानात राहू दिली जात नाहीत. ती बाहेरून, एपीके फाइल म्हणून आणावी लागतात, आणि बसवताना पहिली सूचना हीच असते की प्ले प्रोटेक्ट बंद करा. म्हणजे वाड्याचा कुत्रा बांधून ठेवा, मग आम्ही येतो! आणि कुत्रा बांधलेलाच राहतो. पुढे वॉट्सअॅपवर 'पीएम किसान' किंवा 'वाहनाचे चलन' अशा नावाची खोटी एपीके फाइल आली, की तिला अडवायला कोणी उरत नाही. आपल्या बहुतेक घरांत ज्या फोनवर मूल खेळते त्याच फोनवर बँकेचे संदेश येतात. उसाचे बिल जमा झाल्याचा निरोप आणि ओटीपी एकाच पडद्यावर. हे ध्यानात घ्यावे.

शिवाय मुलाच्या फोनमधून उचललेली माहिती थेट बापाकडे येत नाही. ती आधी त्या कंपनीच्या संगणकात जाते आणि तेथून आपल्याला दिसते. त्या गोदामाला कुलूप आहे की नाही हे आपण पाहू शकत नाही. ज्यांना पाहता आले त्यांना काय आढळले ते पाहा. अमेरिकेतील 'टीनसेफ' नावाचे सॉफ्टवेअर पालकांत लोकप्रिय होते. मे २०१८ मध्ये त्याचे संगणक उघडे पडलेले सापडले. पालकांचे ई-मेल, मुलांची खाती आणि मुलांचे पासवर्ड साध्या अक्षरांत, कोणालाही वाचता येतील असे, अशा दहा हजारांवर नोंदी होत्या. वर हे सॉफ्टवेअर चालण्यासाठी खात्याची दुहेरी सुरक्षा बंद ठेवावी लागे. त्याच वर्षी 'फॅमिली ऑर्बिट' या दुसऱ्या एका कंपनीकडील मुलांचे फोटो व चित्रफिती, सुमारे २८१ जीबी, परक्याच्या हाती लागू शकतील अशा स्थितीत आढळल्या. 'स्पायफोन' या तिसऱ्या कंपनीवर तर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये हा धंदा करण्यासच मनाई केली आणि लोकांच्या नकळत गोळा केलेली माहिती पुसून टाकण्याचा आदेश दिला.

मुलांचे रक्षण करतो म्हणणाऱ्या कंपन्यांची ही कथा. ज्या कंपनीचा पत्ता कोणाला ठाऊक नाही, जिचा दलाल मोटारसायकलवर येऊन पंधरा मिनिटांत काम उरकून जातो, तिच्याबद्दल आम्ही वेगळे काय सांगावे?

आणखी एक गोष्ट, थोडी नाजूक आहे, पण लिहिलीच पाहिजे. मुलांच्या नावाने घेतलेले हे सॉफ्टवेअर पुढे घरातल्या बाईच्या फोनमध्येही बसवले जाते. सज्ञान माणसाच्या फोनमध्ये त्याच्या परवानगीवाचून शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली गुन्हा ठरू शकतो, मग तो फोन घेऊन देणारा नवरा का असेना.

मग घ्यावे कोणते?

आपला ऊस काट्यावर जातो तेव्हा आकडा काटावाल्याला दिसतो तसा गाडीवानालाही दिसला पाहिजे, हा आपला आग्रह असतो. त्यासाठी आपण भांडलो आहोत. मुलाच्या फोनवरचा काटाही तसाच उघडा असावा. काय मोजले जाते आणि काय नाही, ते मुलाला दिसले पाहिजे. निवड करताना आम्ही हीच कसोटी लावली, आणि बाजारातला बराचसा माल त्यातच बाद झाला.

मुलाला स्वतंत्र अँड्रॉइड फोन दिलेला असेल तर गुगलचे 'फॅमिली लिंक' घ्यावे. ते २०१७ पासून आहे, प्ले स्टोअरवर मिळते, फुकट आहे. मुलाचे गुगल खाते खऱ्या जन्मतारखेने उघडायचे आणि ते आपल्या खात्याला जोडायचे. मग रोज किती वेळ फोन चालावा, रात्री किती वाजता मिटावा, कोणते अॅप किती वेळ चालावे, हे ठरवता येते. नवे अॅप घेण्याआधी मुलाची विनंती आपल्या फोनवर येते. आपण होय म्हटले तरच ते उतरते. फोन कुठे आहे तेही दिसते, मात्र फोन चालू आणि नेट सुरू असेल तरच. आणि मुख्य म्हणजे, आपल्यावर देखरेख आहे आणि तीत आई-बापांना काय दिसते, हे मुलाला त्याच्या फोनवर वाचता येते. मुलाचे संदेश ते आपल्याला वाचू देत नाही. काही पालकांना ही उणीव वाटते. वरची हकीकत ऐकल्यावर आम्हाला ती उणीव वाटेनाशी झाली.

आयफोन आपल्याकडे थोड्या घरांत आहे. त्यात 'स्क्रीन टाइम' ही सोय २०१८ पासून फोनमध्येच आहे, वेगळे काही विकत घेऊ नये.

आता खरी अडचण. आपल्या निम्म्याअधिक घरांत मुलाचा असा फोन नसतोच. बापाचाच फोन संध्याकाळी मुलाच्या हातात जातो. बापाच्या खात्यावर फॅमिली लिंकची मर्यादा लागत नाही, कारण गुगलच्या लेखी तो फोन बापच वापरतो आहे! अशा घरांनी सॉफ्टवेअर शोधण्यात वेळ घालवू नये. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात 'अॅप पिनिंग' किंवा 'स्क्रीन पिनिंग' नावाची सोय बहुतेक फोनांत असते. तिने एकच अॅप पडद्यावर खिळून ठेवता येते, आणि बाहेर पडायला पिन लागतो. मुलाला धड्याचा व्हिडिओ लावून द्यायचा आणि तो खिळायचा. लहान मुलांसाठी यूट्यूब किड्स वेगळे मिळते, तेच लावून द्यावे. काही फोनांत दुसरा वापरकर्ता उघडता येतो, तसा उघडून मुलाला द्यावा, म्हणजे बँक आणि वॉट्सअॅप आपल्या बाजूला राहतात. यूपीआयचा पिन मुलाला सांगू नये, हे सगळे जाणतात आणि पेट्रोल भरताना सगळेच सांगतात. यूपीआय लाइट चालू असेल तर लहान रकमा पिनशिवायच जातात, तेव्हा मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनवर ते बंद ठेवावे. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असे करून ठेवावे. खेळातले हिरे, बंदुका, कपडे यांच्यापायी शंभर-दोनशे करत पैसे जातात, ते बँकेच्या पुस्तकात उशिरा दिसतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली आहे. तरीही वेगवेगळ्या नावांनी दुवे येतात, आणि ते बहुधा पुन्हा एपीके म्हणूनच येतात.

फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मुलाला कोणी धमकावत असेल, फोटो पसरवीन म्हणत असेल, तर मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. तो मुलाच्या फोनमध्ये आपणच घालून ठेवावा आणि तो कशासाठी ते सांगावे.

वयाचा प्रश्न

वॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम यांच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे १३ वर्षांखालील मुलाला स्वतःहून खाते उघडता येत नाही. आपल्या सहावीतल्या मुलांची खाती आहेत, कारण जन्मसाल खोटे घातलेले आहे, आणि बऱ्याचदा ते घालून देणारे आपणच आहोत. यात तोटा असा होतो : इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ पासून भारतात अल्पवयीनांसाठी वेगळी खाती केली. ती आपोआप खाजगी राहतात, अनोळखी माणसाला सहज संदेश पाठवता येत नाही, सोळाच्या आतील मुलाला हे निर्बंध सैल करायला पालकांची परवानगी लागते. पालकाने देखरेख जोडली तर मूल गेल्या सात दिवसांत कोणाशी बोलले ते दिसते, काय बोलले ते दिसत नाही. ही चांगली सोय आहे. पण ज्या मुलाने आपण वीस वर्षांचे आहोत असे लिहिले आहे, ते या कुंपणाच्या बाहेर राहण्याची शक्यता मोठी.

सरकारांनाही हा प्रश्न आता पडला आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई लागू केली. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल धरले असून त्याची माहिती घेण्यास पालकांची संमती आवश्यक केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. तोवर खरे जन्मसाल घालणे एवढे आपल्या हातात आहे.

बाकी, मुले या कुलपांच्या किल्ल्या शोधतात, हेही सांगून ठेवतो. मित्राचा फोन, जुना फोन, घड्याळ मागे करणे, पाहुण्याचे खाते. आमच्या घरी बसवलेली मर्यादा आमच्या भाच्याने दोन दिवसांत ओलांडली आणि कशी ते विचारल्यावर अभिमानाने दाखवली. दाखवली, हे आम्ही नफ्यात धरले.

वडगावचा भोंगा

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे तीनेक हजार वस्तीचे गाव आहे. शेतकरी आणि साखर कारखान्यांतले कामगार यांचेच गाव, आपल्यासारखे. १४ ऑगस्ट २०२२ रोजी त्या गावाने सभा घेऊन ठरवले की रोज संध्याकाळी सातला गावातल्या मंदिरावरून भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत गावातले मोबाइल आणि टीव्ही बंद राहतील. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. सुरुवातीला लोक हसले. घरोघर जाऊन सांगण्यासाठी माणसे नेमावी लागली. पण ते चालले, आणि त्या गावाची बातमी परदेशापर्यंत गेली.

आम्हाला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तो भोंगा एकट्या मुलांसाठी नाही. मालिका बघणाऱ्या आजीलाही तोच, कट्ट्यावर रील बघत बसलेल्या बापालाही तोच. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांपैकी कोणी असा माल आमच्यासमोर ठेवला नाही.

येडगावात हे होईल का, असे आम्ही पुढच्या बैठकीत विचारले. वस्त्या पांगलेल्या, एका मंदिराचा आवाज सगळीकडे जाणार नाही, रात्रपाळीची लाइट असली की माणूस घरी नसतो, अशा अडचणी निघाल्या. त्या खऱ्या आहेत. चार घरांच्या एका वस्तीने मात्र आपल्यापुरते साडेसात ते साडेआठ असे ठरवले आहे. किती दिवस टिकते ते पाहू. गेल्या आठवड्यापर्यंत टिकले होते.

त्या सभासदांच्या घरी

मुदतीप्रमाणे आम्ही उत्तर घेऊन त्यांच्या वस्तीवर गेलो. मुलगी ओट्यावर बसली होती. आम्ही वडिलांशी बोलू लागलो तर त्यांनीच तिला हाक मारली आणि फोन तिच्या हातात दिला. "जे काढायचं ते तिच्यासमोर काढा."

काढायला दुपार गेली. लपलेली वस्तू सहज निघत नाही. शेवटी फोटो आणि नंबर बाजूला काढून फोन पार कोरा करावा लागला. प्ले प्रोटेक्ट चालू केले. मग फॅमिली लिंक बसवताना काय चालू ठेवायचे आणि काय नाही, याची बापलेकीत घासाघीस झाली. ठिकाण चालू राहील, हे तिने स्वतः सांगितले. रात्री दहाला फोन मिटेल, याला तिने साडेदहा म्हटले, सव्वादहावर मिटले. नव्या अॅपची विनंती आईकडे जाईल, वडिलांकडे नाही, ही तिची अट होती. ती मान्य झाली.

त्या मैत्रिणीचे काय, असे आम्ही जाता जाता विचारले. अजून बोलत नाही, म्हणाली. वडील खाली बघत होते. आपण त्या घरी जाऊन येणार आहोत, असे ते आम्हाला दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा हळूच म्हणाले. कशाला जाणार, काय बोलणार, ते त्यांनाही उमजलेले दिसले नाही.

आम्ही गाडीला किक मारत होतो तेवढ्यात मुलीने मागून विचारले, "काका, मोठ्यांच्या फोनलाही वेळ लावता येते का? पप्पा मोटरीवर बसून बारा-बारापर्यंत व्हिडिओ बघतात." लावता येते. फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' म्हणून आहे, त्यात प्रत्येक अॅपला मिनिटे नेमता येतात. ते आम्ही तिला दाखवून दिले आणि निघालो.

सूचना : ज्या सभासदांना वरीलपैकी काही बसवून हवे असेल त्यांनी सुट्टीच्या दिवशी सकाळी आपल्या गट ऑफिसात यावे. कसलेही शुल्क नाही. फोन चार्ज केलेला असावा, नेट शिल्लक असावे, मुलाची खरी जन्मतारीख पाठ असावी. मुलाला सोबत आणावे. मुलाशिवाय आलेल्या फोनवर काहीही बसवून मिळणार नाही.